डॉक्टरांची बुलेट

कोल्हापूर, गडहिंग्लज, आजरा या पट्ट्यात जुनी बुलेट कुठे सापडेल याचा नेम नाही. गोठ्यात कडब्याच्या गंजीमागे, बंद पडलेल्या गुऱ्हाळात, सोसायटीच्या गोदामात खतांच्या पोत्यांशेजारी. सापडल्यावर तिचं काय होणार हे मात्र जवळजवळ ठरलेलं असतं. एक तर भंगारवाला किलोच्या भावाने नेतो, नाहीतर शहरातला कुणी हौशी ती उचलतो आणि जुन्या गाड्या नव्या करून देणाऱ्याकडे टाकतो. काही महिन्यांनी गाडी झळझळीत होऊन बाहेर येते. सगळीकडे क्रोम, टाकीवर सोनेरी रेघा, सीटला नवं कव्हर. अशा गाड्या देखण्या दिसतात, त्यामागे पैसा आणि मेहनतही असते. पण चाळीस वर्षं ती कुणाच्या हाताखाली होती, कुठल्या घाटात पडली, कुणी तिला पुन्हा उभी केली, यातलं काहीही तिच्या अंगावर उरत नाही. माझ्या मते हे मोठं नुकसान आहे. एक बुलेट स्वतःच्या हाताने पूर्ण खोलून पुन्हा रस्त्यावर आणल्यापासून तर मी हे कुणाशीही वाद घालून सांगते.

माझ्याकडे आलेली गाडी १९७९ची. ३५० म्हणतात, प्रत्यक्षात ३४६ सीसी. बॅरल, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली धावतो तो भाग, बिडाचं, त्यावरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. तिचे मालक गडहिंग्लजकडचे निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी. आजरा, चंदगड, भुदरगड या तालुक्यांत त्यांची सगळी नोकरी झाली आणि सगळी या गाडीवर. दिवाळीनंतर रजा टाकून ते आणि त्यांच्या मिसेस याच गाडीवर लांब जायचे. गोकर्ण, जोग, हंपी, एकदा थेट कन्याकुमारी. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर गाडी पडवीत लागली ती लागलीच. मुलांना तिच्यात रस नव्हता. माझे वडील डॉक्टरांचे जुने स्नेही, म्हणून विषय माझ्यापर्यंत आला. पैशांची बोलणी दोन मिनिटांत उरकली. डॉक्टरांची एकच अट होती. "पोरी, शोकेसमध्ये ठेवायला देत नाही मी ही. चालवणार असशील तर ने."

मी हिशेबतपासनीस आहे. त्याआधी इंजिन कधी खोललं नव्हतं. तरीही या गाडीला हात घालायचं धाडस झालं त्याचं कारण गाडीतच आहे. हे इंजिन ज्या काळात आखलं गेलं त्या काळी गाडी बंद पडली तर चालवणाऱ्यानेच ती रस्त्याच्या कडेला दुरुस्त करायची, असं गृहीत धरलेलं असे. रॉयल एनफिल्ड ही मूळ रेडिच गावची. हे गाव इंग्लंडमध्ये सुयांसाठी प्रसिद्ध होतं आणि ही कंपनीसुद्धा सुया बनवणाऱ्या एका कारखान्यातूनच निघाली. १९५५ साली मद्रास मोटर्सशी भागीदारी करून एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात बुलेट बनू लागली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला, तिरुवोत्तियूरचा चालत राहिला, आणि १९७७पासून तर बुलेट इकडून उलटी इंग्लंडला जाऊ लागली. या सगळ्या उलथापालथीत इंजिनाचा मूळ आराखडा फारसा हलला नाही. सत्तर मिलिमीटर बोअर म्हणजे बॅरलचा आतला व्यास, नव्वद मिलिमीटर स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव, अठरा अश्वशक्ती. लांब स्ट्रोकमुळे कमी फेऱ्यांतच जोर येतो. मागे माणूस आणि सामान असताना ही गाडी घाट तिसऱ्या गिअरमध्ये का चढते, ते या दोन आकड्यांत आहे. बिडाच्या बॅरलचं हे इंजिन २०१०च्या सुमारास बंद होईपर्यंत भाग बनत राहिले, म्हणून आजही पुण्याच्या नाना पेठेत फिरलं तर बहुतेक सगळं मिळतं. मिळतं त्यातलं चांगलं कुठलं आणि डुप्लिकेट कुठलं, हे मात्र हातात घेऊन, वजन करून, कडा चाचपून शिकावं लागतं.

खोलायला सुरुवात केली ती आमच्या घरामागच्या शेडमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर. पहिल्याच संध्याकाळी कळलं की घरातले पाने उपयोगाचे नाहीत. तेरा नंबर लागत नाही, चौदा नंबर सैल बसून नटाचे कोपरे खातो. कारण नट इंची, त्यातही व्हिटवर्थ मापाचे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्लिश इंजिनिअरने १८४१ साली आट्यांचं हे प्रमाण मांडलं, त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. त्याच्या आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा, मेट्रिकचा साठ. पान्यावर जो आकडा कोरलेला असतो तो पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंची व्हिटवर्थ पाना म्हणजे तोंडाला सुमारे १३.३ मिलिमीटर. तेरा आणि चौदाच्या बरोबर मध्ये. भवानी मंडपाजवळच्या एका जुन्या दुकानात इंची पान्यांचा संच मिळाला, काळसर, हाताला जड. तो घेतल्यापासून एकही नट गोल झाला नाही.

क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा डबा, उघडू लागले तशी गाडीची दुसरी बाजू दिसायला लागली. आधीच्या मिस्त्रींनी कुठेकुठे मेट्रिक बोल्ट जबरदस्तीने पिळले होते आणि अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले होते. तिथे हेलिकॉइल बसवावी लागली, म्हणजे भोक मोठं करून, नवे आटे पाडून, आत स्टीलच्या तारेची गुंडाळी बसवायची आणि तिच्यात मूळ मापाचा बोल्ट घ्यायचा. या कामाला वेळ लागतो, पण जिथे हेलिकॉइल बसते तो आटा मूळ अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त टिकतो.

इंजिनाच्या बाजूच्या टायमिंग कव्हरचे स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात. मी जाड पुठ्ठ्यावर कव्हराची बाह्यरेषा काढली आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचला. ही युक्ती मला कुणी शिकवली असं नाही, पण जुन्या मिस्त्रींकडे नंतर पाहिली, तेही असंच करतात.

आणि मग डॉक्टरांच्या स्वतःच्या दुरुस्त्या निघायला लागल्या.

क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरला रबरी नळीऐवजी सलाईनची नळी होती. पेट्रोल आणि तेल लागून ती पिवळी आणि काडीसारखी कडक झाली होती, पण तिच्यावर थेंब कमी-जास्त करायच्या चिमट्याचा दबलेला वळसा अजून दिसत होता. पेट्रोलच्या नळाखालचं पॅकिंग लसीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेलं, अक्षरं आतल्या बाजूला. वायरींचे जोड इन्सुलेशन टेपने गुंडाळलेले नव्हते, काळ्या रेशमी दोऱ्याने एकसारखे, जवळजवळ वेढे घेऊन बांधलेले होते. हा दोरा मी ओळखला नाही. फोनवर डॉक्टर म्हणाले, "टाक्यांचा दोरा तो. गाईच्या पोटाला घालतो तो. टेप पावसात सुटतो, हा सुटत नाही." मी टोक शोधायला गेले तर गाठही शस्त्रक्रियेचीच होती.

क्लच केबलच्या बाजूने दुसरी एक केबल वरपासून खालपर्यंत बांधलेली होती, दोन्ही टोकं ग्रीसमध्ये बुडवून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. लांबच्या प्रवासाला जाणारे बरेच बुलेटवाले हे करतात. केबल तुटली की नवी ओवत बसायचं नाही, हँडलला आणि गिअरबॉक्सला टोकं बदलायची आणि निघायचं. ही केबल एकदाही वापरली गेली नव्हती. तरी तिचं ग्रीस काही वर्षांनी बदललेलं दिसत होतं, कारण आतला थर काळा आणि वरचा पिवळा होता.

एक गोष्ट मात्र लागत नव्हती. कॅरिअरच्या डाव्या बाजूला जाड सळईचं एक गोल कडं वेल्ड केलेलं होतं, खाली आडवी पट्टी, आतून सायकलच्या ट्यूबचं अस्तर. डबा ठेवायला म्हणावं तर कुठलाही डबा त्यात नीट बसेना. हा प्रश्न घेऊन मी गडहिंग्लजला गेले. डॉक्टर डायऱ्यांचा गठ्ठा घेऊन ओसरीवर बसले. प्रत्येक वर्षाची एक डायरी, त्यात भेटीचं गाव, जनावर, रोग, आणि तळाशी गाडीचे दोन शब्द. पावसाळ्याआधीच्या पानांवर घटसर्प आणि फऱ्याच्या लसी, गावामागून गाव. मधेच एका दिवाळीनंतर "बेळगाव. ऑइल बदलले. हिला हंपी आवडले." आणि ऐंशीच्या दशकात एके ठिकाणी "कॅरिअरला कडे करून घेतले, आजरा." ते कडं नायट्रोजनच्या कंटेनरसाठी होतं. संकरित गाईंसाठी गोठवलेलं वीर्य गावोगाव न्यायचं म्हणजे उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनमध्ये सोबत घ्यायचा, आणि कॅन कलला की नायट्रोजन सांडणार, उडून जाणार. म्हणून कडं, म्हणून आतून रबर, म्हणून ते चाकाच्या आसाच्या थोडं पुढे, जिथे धक्के कमी बसतात. त्या भागातल्या किती गोठ्यांतली दुधाची धार या कड्यातून गेली असेल, याचा हिशेब मी मांडत नाही. पण गाडी नवी करणाऱ्या कुणाकडेही ती गेली असती तर पहिलं काम हे कडं गॅसने कापायचं झालं असतं, यात मला शंका नाही. कॅटलॉगमध्ये ते नाही ना!

त्या दुपारनंतर काय ठेवायचं आणि काय बदलायचं हे ठरवायला मला सोपं गेलं. ही फिरणारी गाडी आहे. तिच्या प्रवासाच्या आड जे येतं ते निःसंकोच बदलायचं, मग ते मूळ कंपनीचं का असेना. जे आड येत नाही त्याला हात लावायचा नाही, मग ते कॅटलॉगबाहेरचं का असेना. सलाईनची नळी गेली, कारण कडक नळी तडकते. वायरिंग सगळं गेलं, रेशमी दोऱ्यासकट, कारण आतल्या तांब्यावरचं आवरण बोटाने चुरत होतं आणि पेट्रोलच्या टाकीखाली असली वायर ठेवणं बेजबाबदारपणा ठरला असता. गाडी ६ व्होल्टची होती, ती मी १२ व्होल्टची केली. पुढच्या काळातल्या बुलेट १२ व्होल्टच्याच असल्यामुळे भाग मिळतात, आणि धुक्यात आंबोली उतरताना समोरचं दिसायला हवं. शुद्धतेचा आग्रह धरणारे यावर नाक मुरडतात. त्यांनी एकदा पावसात रात्री तो घाट ६ व्होल्टच्या पिवळ्या उजेडात उतरून पाहावा. उलट ठिणगी पाडणारे जुने पॉइंट आणि कंडेन्सर मात्र ठेवले. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा असं मला बरेच जण म्हणाले. पॉइंट काजळले तर पॉलिश पेपरच्या तुकड्याने पाच मिनिटांत साफ होतात, आणि तो तुकडा खिशात मावतो. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आजऱ्याच्या पुढे जळलं तर टेम्पो बोलवावा लागतो.

टाकीवर डाव्या बाजूला एक पोचा आहे. आंबोलीत गाडी पडली तेव्हाचा. तो ठेवला.

त्याच पडण्यात बॅरलचे दोन पंखे, म्हणजे बाहेरच्या पातळ पट्ट्या, तुटले होते. या इंजिनाला पाण्याची कूलिंग नाही, हे पंखेच हवेत उष्णता सोडतात. दोन गेले म्हणून इंजिन बंद पडत नाही, इतकी वर्षं चाललंच. पण तुटलेल्या एका पंख्याच्या बुडाशी केसासारखी बारीक चीर दिसत होती, आणि ती पुढे सरकली तर बॅरलच जाणार. शिवाय आतल्या पिस्टनच्या डोक्यावर ४० आकडा होता, म्हणजे मूळ मापापेक्षा चाळीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) मोठा. बॅरल आधीच बोअर करून झालेलं, आणि पिस्टनच्या रिंगा जिथे वरती थांबतात तिथे नखाला लागेल अशी पायरी पडलेली. आणखी एकदा बोअर करून साठचा पिस्टन घालता आला असता. त्यानंतर मात्र वाट संपली.

हे बॅरल घेऊन मी उद्यमनगरात गेले. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, उसाच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं बनवत बनवत हे गाव बिडाचं काम शिकलं आहे. इथल्या फौंड्रीत आणि लेथवर पिढ्या गेल्या आहेत. बिडाचा स्वभाव इथल्या माणसांना माहीत आहे. मी ज्यांच्याकडे गेले ते मिस्त्री साठीच्या पुढचे. बॅरल उचलून त्यांनी पाना हलकेच आपटला, आवाज ऐकला, मग चिरेवर रॉकेल लावून पुसलं आणि खडू फासला. खडूच्या पांढऱ्यावर चिरेतलं रॉकेल रेघ होऊन वर आलं. मी पाहिलं होतं त्यापेक्षा ती रेघ बोटभर लांब होती.

"पंखा लागंल," ते म्हणाले. "पण आधी वेल्डिंग, मग स्लीव्ह, मग बोअर. उलटं केलं तर बोअर वाकडं हुतंय."

वेल्डिंगच्या उष्णतेने बॅरल थोडं तरी ओढलं जातं, म्हणून सगळं तापवण्याचं काम आधी आणि मापाचं काम शेवटी. स्लीव्हचा सल्लाही त्यांचाच. जुनं बोअर मोठं करून आत बिडाचीच नवी नळी दाबून बसवायची आणि ती पुन्हा मूळ सत्तर मिलिमीटरला बोअर करायची. साठच्या पिस्टनपेक्षा खर्च जास्त, पण मग पुढच्या माणसाला पुन्हा वीस, चाळीस, साठ अशा तिन्ही पायऱ्या मिळतात. मी लगेच हो म्हटलं. या गाडीच्या मागे जशी माणसं आहेत तशी पुढेही असणार.

वेल्डिंग बघायला थांबू दिलं त्यांनी. बिडात कार्बन जास्त, म्हणून ते ठिसूळ. एका जागी आच दिली आणि बाकीचं थंड राहिलं की वेल्डिंगच्या शेजारीच नवी चीर पडते. त्यासाठी चिरेच्या टोकाला आधी बारीक भोक पाडलं, तिथे चीर थांबते. मग चीर घासून व्ही आकाराची खाच केली. अख्खं बॅरल भट्टीत हळूहळू तापवलं, लाल होऊ न देता. निकेलच्या रॉडने एकेक छोटा टाका घालायचा, लगेच छोट्या हातोडीने टोकटोक ठोकायचं, थांबायचं, मग पुढचा टाका. ठोकल्याने निवताना आकसणाऱ्या धातूचा ताण मोडतो. दोन नवे पंखे त्यांनी भंगारातल्या दुसऱ्या बिडाच्या तुकड्यातून कापून लावले. काम झाल्यावर बॅरल चुन्याच्या कोरड्या भुकटीत पुरून ठेवलं.

"कधी मिळंल मिस्त्री?"

"ताई, तापवायला येळ लागतोय, निवायला त्याच्याहून जास्त. घाई असली तर दुसरीकडं जावा."

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर चुना आतून अजून कोमट होता.

क्रँक, म्हणजे पिस्टनच्या धावण्याने फिरणारा दांडा, हे माझ्या आवाक्यातलं काम नव्हतं. त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड बाजूला थोडा हलला तर चालतो, वर-खाली हलता कामा नये. हा हलत होता. बुलेटच्या बिग एंडला, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाला, रोलर नसतो, क्रँकपिन आणि रॉडच्या मध्ये एक पातळ बुश तरंगत फिरतं आणि तेलाच्या थरावर सगळा भार पेलतं. तेल वेळेवर बदललं तर ते वर्षानुवर्षं चालतं. नवं बुश आणि दोन्ही फ्लायव्हील पुन्हा एका रेषेत बसवण्याचं काम पुण्यातल्या एका जाणकाराकडून करून आणलं. ऑइल पंप मात्र मीच केले. दोन पंप, एक तेल पाठवणारा, एक परत ओढणारा. त्यांच्या चकत्या काचेवर बारीक पेस्ट ठेवून आठाच्या आकारात घासायच्या, सपाट होईपर्यंत. त्या नीट बसल्या नाहीत तर गाडी उभी असताना टाकीतलं तेल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये उतरतं आणि सुरू करताना धुराचा लोट निघतो.

मला सगळ्यात आवडलेलं काम व्हॉल्व्ह घासण्याचं. व्हॉल्व्हच्या कडेला आधी जाड दाण्याची पेस्ट लावायची, रबरी चोखणीची काठी त्याच्या डोक्याला चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत काठी फिरवायची, इकडे-तिकडे, मधूनच उचलून थोडी वळवून पुन्हा. सुरुवातीला खरखरीत आवाज येतो. जसजशी सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती हेडमधली कडा, बसते तसा आवाज बारीक होत जातो आणि हाताला चिकटल्यासारखं जाणवतं. पुसून पाहिलं की व्हॉल्व्हच्या कडेवर करड्या रंगाचा, चमक नसलेला, सगळीकडे सारख्या रुंदीचा पट्टा दिसायला हवा. कुठे तुटला असेल तर तिथून गॅस निसटणार. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला तो पट्टा पूर्ण व्हायला बराच वेळ गेला. बाहेर पाऊस लागलेला, शेडच्या पत्र्यावर दुसरं काही ऐकू येत नव्हतं, तरी तो बारीक होत जाणारा आवाज तळव्यांतून कळत होता. शेवटी हेड उलटं धरून पोर्टमध्ये पेट्रोल ओतलं आणि व्हॉल्व्हच्या कडेला बोट फिरवलं. कोरडं. त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही, घरात सगळ्यांना बोलावून ते कोरडं बोट दाखवलं.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. एमएच आणि जिल्ह्याचा आकडा लागण्याआधीचा जुना नंबर, नोंदणीची मुदत संपलेली. नाव बदलण्याचे फॉर्म, पर्यावरण कर, लेट फी, तपासणी, चासी नंबरावर कागद धरून काढलेला पेन्सिलचा छाप. होतं सगळं, चिकाटी लागते. डॉक्टर सहीसाठी स्वतः आले होते, म्हणून पुष्कळ सोपं झालं.

पहिल्यांदा सुरू केली त्या दिवशीही ते होते. डोळ्यांच्या तपासणीला कोल्हापूरला आले होते ते तिथून थेट शेडमध्ये आले. मी इग्निशन चालू केलं आणि किक हाताने दाबावी तशी पायाने सावकाश दाबत गेले. अ‍ॅमीटरचा काटा डावीकडे झुकलेला असतो, पॉइंट उघडले की मध्ये येतो. तो मध्ये आला की थांबायचं, बॅरलमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन जरासा पलीकडे न्यायचा, सोडायचा, मग किक वरपासून एका दमात. गाडी धरली. सायलेन्सरमधून आधी निळा धूर आला, मग पातळ झाला, मग दिसेनासा झाला. डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी कान इंजिनाकडे केला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "एक्झॉस्टचा टॅपेट बघ. उद्या सकाळी, गार असताना." दुसऱ्या दिवशी कव्हर काढून पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला वर ढकलणारा दांडा, बोटांत धरून फिरवला. इनलेटचा अलगद फिरत होता, एक्झॉस्टचा जरा जास्तच सैल होता. या इंजिनात गार असताना फट ठेवायचीच नसते, पुशरॉड नुसता मोकळा फिरला पाहिजे. एवढासा फरक त्यांना चालू इंजिनाच्या आवाजात ऐकू आला होता.

रिंगा बसेपर्यंत गाडी सावकाश चालवायची असते. फिरायला म्हणून मी पहिली निघाले ती आजऱ्याकडे, डायरीतल्या गावांवरून. उत्तूरच्या पुढे चहाला थांबले होते तेव्हा शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून एक गृहस्थ हात पुसत आले आणि सरळ कॅरिअरपाशी वाकले. कड्याच्या आतला रबर उचलून पाहिला. "हे आमच्या वडलांनी केलंय," म्हणाले. "ही सळई ते अशीच वाकवायचे, टोकं आत घेऊन. डॉक्टर हायत न्हवं?" आहेत म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचं दडपण उतरलं. मग कॅरिअरच्या उजव्या पायाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ही वेल्डिंग कुठं केली?" ती मी कोल्हापुरात करून घेतलेली होती, जुना जोड सुटला होता म्हणून. त्यांना पटली नव्हती. डाव्या बाजूला कड्याचं वजन आल्यावर उजवा पाय पिळला जातो, तिथे नुसता जोड पुरत नाही, तिरकी पट्टी लागते, असं ते म्हणाले. वडिलांनीही ती लावली होती, मधल्या कुणीतरी काढून टाकलेली दिसत होती, घासल्याची खूण त्यांनी मला नखाने दाखवली.

अर्ध्या तासात पट्टी लागली. काळा रंग त्यांच्याकडे नव्हता, म्हणून त्यावर रेड ऑक्साइडचा हात मारला. काळ्या कॅरिअरवर तो तांबडा तुकडा लांबून दिसतो. बरेच जण विचारतात, रंगवणार कधी. रंगवणार नाही.

पुढच्या महिन्यात चोर्ला घाटाने गोव्याला जायचं ठरलं आहे. कड्यात आता पाण्याचा पाच लिटरचा कॅन बसतो. क्लच केबलला जोडून नवी दुसरी केबल बांधून घेतली आहे, दोन्ही टोकं ग्रीसमध्ये. मागच्या ब्रेकचा आवाज अजून जात नाही, तो निघायच्या आधी बघायचा आहे.